करीमचाचाची पिंजण

आष्टी. भाद्रपद, १९४८. दिवेलागणीची वेळ.

कापूस पिंजायची ती धनुष्यासारखी पिंजण खुंटीला टांगली आहे. तिच्याकडे पाठ करून लिहायला बसलो, तरी मन तिथंच.

दुपारी सखाराम ती घेऊन आला. माझ्या शांतिवर्गातला सगळ्यात समंजस माणूस. रोज टकळीवर सूत काढतो, प्रार्थनेला पुढं बसतो. आमचा कापूस करीमचाचा पिंजून द्यायचा. निजामाचं राज्य गेलं तसा चाचा घाबरून पोराबाळांसह गाव सोडून गेला. काल त्याचं घर लुटलं.

"गुरुजी, लोकांनी भांडी नेली, दारं नेली. म्या ही आणली. आता आपला कापूस आपणच पिंजू."

"तू पण गेल्तास?"

"गेल्तो. पण कोणाला बोट लावलं न्हाई, बिलकुल न्हाई. तुम्हीच शिकवलं ना?"

खरंच सांगत होता. डोळ्यांत शाबासकीची वाट. मारू नका, एवढंच शिकवत आलो का मी इतके दिवस? आणि बाकीचं?

पिंजण परत द्यायची तर कुणाला? चाचा परभणीकडं गेला म्हणतात. कुणी म्हणतं, वाटेतच... नको, ते लिहवत नाही.

आत्ता वाऱ्यानं पिंजणीची ताणलेली तात बारीक वाजली. काम सुरू करण्याआधी चाचा पिंजण एकदा कपाळाला लावायचा.

सखारामनंही खुंटीला टांगताना तशीच लावली.