ज्या वाक्याला ओळ नव्हती

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ठमाबाई,

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. तू फोन उचलत नाहीस म्हणून तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस, मी फार गयावया केली.

पत्राला कारण तुझी ती जपानी मालिका. कार्टून म्हटलेलं तुला खपत नाही, तर अ‍ॅनिमे. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस, "बाबा, फक्त पहिला भाग बघा, मग मला काय म्हणायचंय ते कळेल." तेव्हा मी पेपरातून डोकंही वर काढलं नव्हतं. आता या आठवड्यात आम्ही तो सात वेळा बघितला. खालच्या ओळी वाचाव्यात तर चित्र पुढे पळतं, चित्र बघावं तर ओळी निसटतात. मुलगी बॅग भरते, मग एकदम लहान होते, मग शाळेत कुणीतरी रडतं, मग आगगाडीत ती एकटीच. चोवीस मिनिटं ताकास तूर लागू देत नाहीत. शेवटी मात्र ती दार उघडून आत येते, बूट काढते आणि "आले मी" म्हणते. तिथे तुझ्या आईने डोळे पुसले. मलाही हायसं वाटलं.

तीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला वाटणारच, की हिचे फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, उलटसुलट शिवले गेलेत. दुकानात मी एकेका प्रसंगाची चिठ्ठी केली आणि पानं लावावीत तशा टेबलावर लावत बसलो. केसांवरून लावल्या. बॅग भरताना तिचे केस मानेपर्यंत कापलेले आहेत. "आले मी" म्हणताना लांब वेणी आहे, अंगात शाळेचा गणवेश. म्हणजे तो प्रसंग कितीतरी आधीचा. सगळ्यांत शेवटी येते ती आगगाडी. कशाला लावायला गेलो, असं झालं.

हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही. ती रोज जेवण झालं की शेवटची दोन मिनिटं तेवढी लावते.

आणखी एक. त्या बापाचा चेहरा एकदाही दिसत नाही. नुसती पाठ. मुलगी बॅग घेऊन दारात उभी असते तेव्हा तो काहीतरी बोलतो, पण नेमकी तिथे खाली ओळच येत नाही. तुझी आई म्हणाली, "सांभाळून जा म्हणत असेल." तू निघालीस तेव्हा ती आंघोळीला गेली होती. नोकरीवर लगेच हजर व्हायचं होतं म्हणून न भेटता गेली, असं मीच तिला सांगितलं. आठ महिने तेच सांगतोय. "गेलीस तर मला मुलगी नाही असं समजेन," हे मी म्हणालो, ते तू आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही.

मला तसं समजता आलं नाही गं. एक दिवससुद्धा.

दुसरा भाग लावायचं धाडस होत नाही. काल तुझ्या आईने विचारलं, "ती पोरगी पुढे घरीच राहते ना हो?" बघून सांगतो म्हणालो. तू पुढचं सगळं बघितलेलं आहेस. तिला काय सांगू, तेवढं कळव.

एका मुलीचा बाप