बाकावरचा ढीग

ता. ४ जून

चि. टिंगू हिस, आजीचे आशीर्वाद.

पाकीट मिळालं. आत पत्र चार ओळींचं आणि रंगीत कागद चादरीएवढा. तू लिहितेस की अठ्ठावीस तारखेला तुमच्या आरोग्य कार्यालयात बैठक आहे, जादा डॉक्टर एकच मिळणार आहे, आणि तो चौकातल्या दवाखान्याला द्यायचा की टेकडीवरच्या, हे साहेबलोक तुझा तक्ता बघून ठरवणार. टेकडीवर बायका पोरं मांडीवर घेऊन जिन्यात बसलेल्या तू पाहिल्यास, म्हणून तुला तो तिथं हवा. पटलं. पण हे सगळं मला पत्रातून कळलं. त्या गोल चकतीतून काही कळलं नाही. मग चकती कशाला?

अकरा रंग मोजले. कुठला रंग कशाचा ते कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात, म्हणजे माझी मान सारखी इकडून तिकडे. शेजारच्या दोन फोडींत मोठी कुठली ते सांगता येईना, त्यात तू खाली सावली पाडलीस. चकतीला ऊन लागतं का?

मी इस्पितळाच्या धोबीखान्यात एकतीस वर्षं काढली. दर वॉर्डाच्या मळक्या चादरींचा ढीग भिंतीला टेकून लावायचा आणि वर वॉर्डाची पाटी. मुकादम दारातूनच डोकवायचा आणि आज जादा बाई कुठल्या ढिगाला लावायची ते सांगून पुढं जायचा. पिवळा म्हणजे काय, असं त्यानं कधी विचारलं नाही.

हाच कागद तू तुझ्या आईच्या आईलाही पाठवलास, हे शेवटच्या ओळीत कळलं. माझ्याआधी की नंतर ते लिहिलं नाहीस. विहीणबाई हेडमास्तरीण होत्या, त्यांना विचारावंच. मी आपली दुसरी पास.

लोभ दोन घरी वाटतेस ते ठीक, पण हात इकडे आखडू नकोस.

आजी


ता. ११ जून

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

चकती फाडून टाकली. आता तुझ्या ढिगांसारखे उभे खांब काढलेत. रंग एकच, निळा, आणि नाव खांबाच्या पायाशीच. टेकडीवर रोज शेहेचाळीस माणसं येतात आणि चौकात एक्केचाळीस. फरक डोळ्यांत भरावा म्हणून खांब चाळिसापासून सुरू केलेत, त्यामुळे टेकडीचा सहापट उंच दिसतो. कागद सात तारखेलाच तुम्हां दोघींना टाकला आहे. शाळेतल्या आजीनं लगेच कळवलं की खांब ठसठशीत आहेत, लांबूनही दिसले. तुझं मत आल्याशिवाय मी कार्यालयात दाखवणार नाही.

दोघींची पाकिटं मी एकाच दिवशी एकाच पेटीत टाकते. हे लिहून देते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

लोभ आणि जीभ दोन्ही माझ्यावर अशीच चालू राहू देत.

तुझी
टिंगू


ता. १५ जून

चि. टिंगू हिस, आशीर्वाद.

विहीणबाईंना ठसठशीत वाटले म्हणून गप्प बसणार होते. पण तुझी नोकरी आहे, म्हणून लिहिते.

एकदा धोबीखान्यात नळ फुटला. फरशी ओली झाली म्हणून मी बाळंतिणींच्या वॉर्डाचा ढीग उचलून बाकावर ठेवला. मुकादम दारातून बघून गेला. तो ढीग सगळ्यांत उंच दिसला म्हणून त्यानं दोन जादा बायका तिकडे लावल्या. भाजलेल्यांच्या वॉर्डाचा खरा मोठा ढीग खालीच राहिला आणि त्यांना दुसऱ्या दिवशी चादरी पुरल्या नाहीत. मुकादमानं मला सगळ्यांसमोर झाडलं, आणि बरोबर झाडलं. त्या दिवसापासून पाऊस येवो की पूर, सगळे ढीग एकाच फरशीवरून.

तू टेकडीचा ढीग बाकावर ठेवलास. पाच माणसांचा फरक, तो सहापट कसा होईल? एखाद्या साहेबानं वाकून बाकाखाली बघितलं, की तुझं खरंही खोटं ठरेल. किती माणसं येतात ते सोड. ती किती वेळ बसतात ते मोज. जिना तर त्यानंच भरलाय ना.

आता माझं. विहीणबाईंचं कार्ड आलं. गोड शब्दांत लिहितात की नातीची चौदा पाकिटं जपून ठेवली आहेत. मला बारा आली. मी कपाटाच्या दाराला आतून खडूनं दोन खांब काढले, एका पाकिटाला एक बोट. पहिली दहा दोघींनाही आलेली, त्यांच्यासाठी खडू कशाला झिजवा, म्हणून अकराव्यापासून धरलं. माझा खांब दोन बोटं, त्यांचा चार. बरोबर दुप्पट. कागदावर उतरवून पाठवते आहे, नीट बघ. मी काही बोलत नाही.

कपाट उघडलं की तेच दिसतं, म्हणून साडी आता खुर्चीवर ठेवते.

लोभ निम्म्यावर आलाच आहे, त्याखाली उतरू देऊ नकोस.

आजी


ता. २९ जून

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर टेकडीला मिळाला.

दहा दिवस मी दोन्हीकडे घड्याळ घेऊन बसले. टेकडीवर माणूस सरासरी तीन तास थांबतो, चौकात एक तास. दोन खांब शून्यापासून काढले आणि वर एकच ओळ लिहिली की टेकडीवर तीन तास बसावं लागतं. बैठकीत एका साहेबांनी खिशातून पट्टी काढली आणि दोन्ही खांब तळापासून मोजले. मोजून झाल्यावर त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि एवढंच विचारलं की डॉक्टर कधीपासून पाठवायचा. चाळिसापासूनचा कागद असता तर मी तिथंच संपले असते.

आता तुझं कपाट. आजी, तू विहीणबाईंचा ढीग बाकावर ठेवला आहेस. पहिली दहा पाकिटं बाकाखाली आहेत. मला झाडलंस तसं स्वतःला झाड आणि पुन्हा फरशीपासून काढ.

उरलेली दोन बोटंही सांगते. शाळेतल्या आजीनं कुणाला सांगू नको म्हटलंय, पण तू मनाला लावून घेतलंस म्हणून लिहिते. तिची नजर फार अधू झाली आहे. खांब ठसठशीत म्हणाली ते त्यामुळेच, बाकीचं काही तिला दिसलंच नव्हतं. आता तिला बोटाएवढ्या अक्षरांत लिहावं लागतं, आणि मागची दोन पत्रं एकेका पाकिटात मावली नाहीत. पत्रं तुम्हां दोघींना बारा-बाराच आहेत.

लोभ मोजायचा तर तळापासून मोज, एवढंच मागणं.

तुझी
टिंगू


ता. ४ जुलै

चि. टिंगू हिस, आशीर्वाद.

डॉक्टरचं वाचून बरं वाटलं. पट्टीवाल्या साहेबाला माझा नमस्कार सांग, तो धोबीखान्यात शोभला असता.

कपाटाचं दार ओल्या फडक्यानं पुसलं आणि खांब पुन्हा तळापासून काढले, त्या दिवशीच्याच मोजणीनं बारा बोटं आणि चौदा बोटं. मग खाटेवर जाऊन बसले आणि तिथून बघितलं. चष्मा लावला तर फरक दिसतो. काढला तर दिसत नाही. साडी परत कपाटात ठेवली.

पण मोठ्या अक्षरात लिहितेस म्हणजे तिकडे वेळ जास्त देतेस, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस. तू नोकरी करतेस, त्यात हा व्याप. म्हणून कालच विहीणबाईंना मी स्वतः पत्र टाकलं. डोळ्यांचं काही विचारलं नाही, टेकडीच्या डॉक्टरची बातमी दिली आणि तुझ्या तक्त्यात माझा हात किती ते जरा खुलवून सांगितलं. माझं अक्षर दुसरीतून सुटलं तेव्हापासून भोपळ्याएवढंच आहे, त्यांना चष्माही लागायचा नाही. तीन पाकिटं लागली.

यापुढं दर पंधरवड्याला त्यांना मीच लिहीन. तू तिकडची तसदी घेऊ नकोस, वाचलेला वेळ इकडे लाव. दारावर तुझ्या या पत्राचं तेरावं बोट काढलं, चौदाव्याची जागा रिकामी आहे.

लोभाचा ढीग फरशीवरच आहे, वर चादर टाकत जा.

आजी