वरच्या कोपऱ्यातली फट

नाना, तुम्ही करून घेतलेल्या चारही खिडक्या मी काढल्या. रागावू नका. रागावलात तरी आता खुलासा मागवण्याची सोय तुमच्याकडे नाही. सागवान होतं, आपल्या सगळ्यांपेक्षा टिकाऊ होतं, हे मान्य. पण झडपा इतक्या वाकल्या होत्या की खिडकी बंद केल्यावरही समोरच्याची गाय दिसायची. तुम्ही खिडकीला कधी खिडकी म्हणाला नाहीत, वातायन म्हणायचात. वारा येण्याची वाट. मिरचीच्या दिवसांत त्या वाटेने आपल्याकडे वाऱ्यापेक्षा तिखटच जास्त यायचं.

गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर अजून तशीच लाल मिरची वाळत पडते आणि वारा आपल्या बाजूला वळला की सगळी गल्ली एका सुरात खोकते. बाकीच्यांचा खोकला वाऱ्याबरोबर जातो. आईचा आता जात नाही. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितलं की पुढच्या हंगामात गाव तरी सोडा, नाहीतर घर तरी नीट बंद करा. गाव सोडायचं मी नुसतं सुचवलं, तर म्हणाली, "मी नही जास कोठे. खिडक्या बदल." तुमच्या हयातीत हे तिने तुम्हाला शब्दांत कधी सांगितलं नाही. एकदा फक्त हाताने सांगून पाहिलं होतं.

मी कॉलेजातून सुटीवर आलो होतो. आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, तोंडाला पदर बांधून. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या ओल्या करून तिने बैठकीच्या खिडकीच्या फटींत बोळे कोंबले आहेत. तुम्ही धुळ्याच्या दोन शास्त्रीबुवांना घेऊन येता. एक पट्टी दोन बोटांत धरून ओढता आणि विचारता, "हे घर आहे की मिरचीचं गोदाम?" पट्ट्या अंगणात पडतात. पाहुणे हसतात. आतून खोकण्याचा आवाज येतो, मग तो दाबल्याचा आणि मग चहा येतो.

आता खिडक्या निवडण्याची गोष्ट. ॲल्युमिनियमच्या की त्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, यावर मी पावसाळाभर एखादं भाष्य लावावं तसा विचार केला. शेवटी सरकत्या ॲल्युमिनियमवर आलो. बसवणारे दोघे पाहिले. पहिला इस्त्रीच्या कपड्यात, हातात रंगीत पुस्तिका. आपल्या दारात उभा राहून तो म्हणाला, "आपण निश्चिंत असावं, सर. आमच्याकडे व्यवहारापेक्षा ऋणानुबंध मोठा." नाना, नंदुरबारात खिडकी विकणारा माणूस ऋणानुबंध म्हणतो, तेव्हा तुमचा मुलगा विरघळणार नाही तर काय करणार? त्याने तुमच्या तसबिरीला हात जोडले, प्रत्येक खिडकीच्या मधोमध एकदा मापाची टेप धरली आणि दहा मिनिटांत निघाला.

दुसरा बसस्थानकामागच्या गाळ्यातला, म्हातारा. त्याने प्रत्येक खिडकी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मापली. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आडवी-तिडवी दोरी धरली आणि मान हलवली. "भिंत वाकडी शे, भाऊ. पहिले भोक सरळ करनं पडी." मी विचारलं, खात्री काय? तर म्हणाला, "मन्हं ऐकू नका. मी बसाडेल खिडक्या त्या दोन घरेस्मा शेतस. तठे जाईसन हात लावी पहा." ती दोन्ही घरं आपल्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. आपल्या भिंतीला वाकडी म्हणाला, हेही मला थोडं लागलं होतं. बोलणं शुद्ध त्याचं काम शुद्ध, हे तुमचं सूत्र. त्या पहिल्याला काम देऊन टाकलं.

दिवाळीनंतर वारा फिरला. सरळ चौकट वाकड्या भिंतीत बसवली होती आणि वरच्या कोपऱ्यात राहिलेली बोटभर फट त्याने कसल्याशा पांढऱ्या लुकणाने बुजवली होती. ते लुकण आठवडाभरात सुटलं. ऋणानुबंधवाला फोन उचलेना. आईला दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी, डोळे मिटलेले, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून जन्मात पहिल्यांदा शुद्ध मराठीचा तिटकारा करत होतो. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. घरी, म्हणजे त्याच फटीखाली.

मी म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने येऊन चौकट पाहिली. "बोलनं चांगलं शे त्यानं," तो म्हणाला, "माप नही." एवढंच. एवढ्यावर सुटलो हे माझं नशीब. तीन दिवस त्याने गिलावा फोडला, भिंत ओळंब्यात घेतली, कडेने रबर बसवलं. आई मागच्या खोलीत, तोंडाला ओलं फडकं बांधून, खाटेवरून हुकूम सोडत होती. "ओ भाऊ, वरना कोपरा पहा. तठूनच येस."

"माय, तू झोप. मी पहास ना."

त्याने माय म्हटलं तेव्हा ती जरा हसली. आपल्या घरात ते अशुद्ध होतं. मी तुमच्यासमोर तिला नेहमी आई म्हटलं.

आता घरात तिखट येत नाही. खोकला आहे, पण तिला दोन वाक्यं सलग बोलता येतात. तरी वारा वळला की ती लुगड्याची एक पट्टी ओली करून खिडकीत ठेवते. मी म्हटलं, आता फट नाही. म्हणाली, "माले माहीत शे. ऱ्हाऊ दे." मी ती पट्टी उचलत नाही.

हे पत्र ऋणानुबंधवाल्याच्या हमीपत्राबरोबर कपाटात ठेवतो आहे. दोन्ही पाठवायला आता चालू पत्ता नाही. एक मात्र लिहायचं राहिलं. त्या दुपारी तुम्ही पट्ट्या ओढून फेकल्यात, तेव्हा पाहुण्यांबरोबर मीही हसलो होतो, थोडं मोठ्याने, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. तुमचं लक्ष नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.