फरशीवर तळहात

७ मार्च १९८६, शुक्रवार

जेलरसाहेबांना अहवाल हवाय. पुढच्या शुक्रवारी! जणू मी पिठाची गिरणी — डबा ठेवला की तासाभरात दळण तयार.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, एवढ्यावर कोर्टानं मला या कामाला जुंपलंय. बायकांच्या बराकीत दगडाबाई म्हणून एक कच्ची कैदी आहे. विहिरी खोदणाऱ्यांतली. हिनं विहिरीचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराच्या डोक्यात हातोडा घातला. तो वाचला. ‘माझ्या नवऱ्याला त्यानंच मारलं’ एवढंच म्हणते. मी ‘वेडी’ लिहिलं तर खटला थांबणार, ही वेड्यांच्या इस्पितळात जाणार. परत कधी? कुणी सांगत नाही. ‘शहाणी’ लिहिलं तर शिक्षा होईल कदाचित, पण तिचं म्हणणं कोर्टाला ऐकावं लागेल.

आई म्हणाली, “नोकरी नीट कर, जेलच्या भानगडी कशाला?” बरोबर आहे तिचं. तरी जाणार.

११ मार्च, मंगळवार

चित्रांची कार्डं दाखवली. तिनं एकेक पालथं घातलं. मग प्रश्नावली काढली. आसपास कुणी नसताना काही जाणवतं का?

“जानवतं की. रोज. तीनला.”

मी घाईघाईनं लिहून घेतलं! पहाऱ्यावरच्या मथुराबाई दारात उभ्या होत्या. गंमत म्हणून त्यांनाही तोच प्रश्न विचारला. “व्हय बाई, आमची सासू मरून धा वर्सं झाली, अजून चुलीपाशी हाक मारती.” खूप हसले. मग वाटलं, या प्रश्नांनी बघायला गेलं तर अख्खा जिल्हा वेडा निघेल.

तीन वाजले. दगडाबाईनं फरशीवर तळहात टेकला, डोळे मिटले. दुसऱ्या हाताचं एकेक बोट मुडपत गेली. पाची मुडपून झाल्यावर म्हणाली, “झालं. उतरा.” आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. मला काही ऐकू आलं नव्हतं. वर पंखा कुरकुरत होता तेवढाच.

वहीत ‘ठराविक वेळी निरर्थक कृती’ असं लिहिलंय. शब्द तर भारी वाटतात! पण ते हसणं काही केल्या डोक्यातून जात नाही.

१३ मार्च

चार तास शिकवलं. काय शिकवलं, देव जाणे.

१४ मार्च, शुक्रवार

सही केली.

आज तीनला परत तळहात टेकला. बोटं मुडपली — एक, दोन, तीन, चार. करंगळी तशीच उभी राहिली. ती वाट बघत बसली. मग एकदम उठून दारावर धडका द्यायला लागली. “चारच! एक राहिला! उतरू नका रं! सांगा की त्यास्नी कुनी तरी!” माझ्या पायाशी पडली. पदर धरला. मी खुर्चीसकट मागं सरकले. मथुराबाईंनी आणि आणखी एकीनं धरून आत नेलं.

जेलरसाहेब शांतपणे म्हणाले, “बघितलं ना मॅडम?”

बघितलं. ‘भास होतात. खटल्यास अपात्र.’ लिहिताना हात थांबला नाही. चार वाजले होते. बाहेर आले तर फाटकात साहेबांची जीप उभी, ड्रायव्हर आत पाय ताणून झोपलेला. जगात काही घडलं आहे असं वाटत नव्हतं.

सुटले एकदाची! मग घरात सारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत का फिरतेय?

१६ मार्च

पदराला तिच्या बोटांचे डाग आहेत. धुवायला टाकत नाही. उगाच.

१८ मार्च, मंगळवार

निरोप घ्यायला म्हणून गेले. तपासणीला आलेल्या साहेबांसाठी खुर्ची नेली होती. चपला दाराशी काढून शहाबादी फरशीवर तिच्याशेजारी बसले. या बाईसमोर पहिल्यांदाच खाली बसले मी.

तीनला फरशी हलली.

अगदी बारीक. आधी वाटलं, माझाच पाय थरथरतोय. मग दुसऱ्यांदा. पाच वेळा! मी मथुराबाईंकडे बघत राहिले.

“सुरुंग हायेत ते, बाई. तेर गावच्या रस्त्याला सोसायटीची हीर खोदायची चाललीय. गुत्तेदार तोच, टाके पडलेला. आवाज न्हाय येत, पर खाली बसलं की कळतंय.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुठं?”

दगडाबाई आपणहून बोलली. पहिल्यांदाच. “आमच्यात मोजल्याबिगर कुनी उतरत न्हाय. हा गुत्तेदार रोज पाच सुरुंग भरतो. पाच भरले तर पाच उडाले पायजेत. एक कमी पडला तर दिसभर हीर सोडायची. त्या दिशी चारच झाले. म्या वरडले, एक राहिला! ह्यो म्हनला, बाईमानसाला कुठलं आलंय मोजायला? माज्या नवऱ्याला, श्रीपतीला, खाली उतरवलं. अन् राहिलेला पाचवा तितंच उडाला.” मग करंगळी चोळायला लागली.

पळत जेलरसाहेबांकडे गेले. अहवाल शनिवारीच कोर्टाकडे रवाना झालाय. इस्पितळाची गाडी परवा येणार, तिला न्यायला. “दिलेला अहवाल माघारी घेता? मग वेडं कोण म्हणायचं, मॅडम?” म्हणू देत! लाज वाटते, राग येतो, दोन्ही स्वतःबद्दलच. नवा अहवाल तिथंच बसून लिहिला.

निघताना दगडाबाईनं विचारलं, “शुक्रवारी कोन उतरलं, बाई?”

फाटकावर तेरच्या एसटीची वेळ विचारून घेतली.

१९ मार्च, बुधवार

एसटीनं विहिरीवर जाऊन आले. शुक्रवारी धुळाप्पा उतरला होता. वय बावीस. कागदावर ‘दरड कोसळून मृत्यू’ आहे. त्याची बायको म्हणाली, सुरुंग तीनला झाले, गुत्तेदारानं त्याला पावणेचारला उतरवलं.

उद्या गाडी यायच्या आत दोन्ही अहवाल घेऊन कोर्टात उभी राहणार. पहिल्यावरची सही माझीच, हेही सांगणार.

जेलपासून विहिरीपर्यंत एसटीला बारा मिनिटं लागली. त्या शुक्रवारी जीप फाटकातच उभी होती.