बिजल घरी पोचतो तेव्हा

सिरोंचा,
दि. ७ नोव्हेंबर १९८५

ति. श्रावणभाऊ यांस,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जय भीम वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. फक्त सासूबाईंचं कंबरेचं दुखणं पावसाळ्यापासून हटत नाही, त्या खाटेवरच असतात. त्यांचा दिवस सरावा म्हणून ह्यांनी शाळेतून एक पुस्तक आणलं, आणि ती निघाली आपली जुनी चित्रकथा, ‘शिलेदार बिजल’. सगळे अंक एकत्र करून गुळगुळीत कागदावर रंगीत काढलाय. रोज संध्याकाळी मी चित्रं दाखवते आणि गोष्ट तेलुगूत सांगते. त्यांचं माहेर गोदावरीपलीकडचं, मराठी अजून त्यांच्या अंगवळणी पडली नाही. माझ्या तेलुगूला त्या हसतात, पण पुरात आईपासून तुटलेला बिजल गावोगाव तिला शोधत फिरतो, हे त्यांना पुरतं कळलंय. शेवटच्या पानावर आई त्याला उंबऱ्यात भेटते. ते पान त्या पुन्हा पुन्हा उघडायला लावतात.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझा धाकटा दीर जंगू ह्यांच्याशी भांडून घरातून गेला, त्याला तीन वर्षं होत आली. बांबूच्या ट्रकवर असतो एवढंच कानावर येतं. बिजल पोचला तसा तोही पोचेल, असं सासूबाई म्हणतात.

पण भाऊ, लहानपणी वाचलेला बिजल मला असा आठवत नाही. तुमच्या पेटीत तर त्याच्या साऱ्या आवृत्त्या आहेत. हात धुतल्याशिवाय शिवू देत नव्हतात ना आम्हाला? आता तीच पेटी उघडा आणि कशात काय वेगळं आहे ते सवडीनं कळवा.

पेटीवर आहे त्याच्या निम्मी तरी माया बहिणीवर असू द्या.

तुमची,
भागीरथा


नागभीड,
दि. १६ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. भागीरथा हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन स्टेशनाच्या पार्सल ऑफिसातून तडक घरी आलो आणि पेटी उघडली. असं कोणी विचारावं म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो. तुझ्या वहिनीनं दोनदा विचारलं की आज जेवून राह्यले का चित्रंच पाहून राह्यले.

तर ऐक. आधी निघाले ते सुटे पाक्षिक अंक, काळा आणि तांबडा असे दोनच रंग. कागद अगदी हलका, पण रेघेत जीव होता. मग प्रकाशकानं जाड बांधीव खंड काढला. पानं वाचवायला त्यात एकेका पानावर इतकी चित्रं कोंबली की घोड्याचे पायच कापले गेले. मुखपृष्ठंही गाळली. चांद्याच्या बाइंडरनंसुद्धा ते पाहून कपाळाला हात लावला होता. तुझी रंगीत आवृत्ती तिसरी. रंग झकास, पण संभाषण निम्मं उडवलंय आणि नदीकाठचं अख्खं प्रकरण गायब केलंय.

सगळ्यात मोठी लबाडी मात्र शेवटाला. मूळ अंकात बिजलला आई भेटतच नाही. तो पोचतो त्याच्या आदल्या दिवशी ती गेलेली असते. अखेरच्या चित्रात तो उघड्या दारात एकटा उभा आहे, बस्स. बांधीव खंडातही तसंच. रंगीतवाल्यांनी पोरं रडतील म्हणून आईला जिवंत केलं आणि वर मेजवानी घातली. तेव्हा ते पान खोटं समज. खरा बिजल उशिराच पोचतो.

आणखी काही शंका असल्या तर जरूर विचार. गुणवंतरावांना आणि सासूबाईंना जय भीम सांग, आणि या पेटीवाल्या भावाला विसरू नकोस.

तुझा,
श्रावण


सिरोंचा,
दि. २८ नोव्हेंबर १९८५

ति. श्रावणभाऊ यांस, सप्रेम जय भीम वि. वि.

आमच्याकडे पत्र आलं की ओसरीत सगळ्यांसमोर वाचतात, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. हे मोठ्यानं वाचतात आणि लगेच सासूबाईंना तेलुगूत सांगतात. मी चुलीपाशी होते. हात पुसून बाहेर येईपर्यंत खरा बिजल उशिराच पोचतो, हे सांगून झालं होतं. मास्तर माणूस, हातात घेतलेलं वाक्य पुरं केल्याशिवाय थांबत नाही.

सासूबाईंनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. तेव्हापासून गोष्ट नको म्हणतात आणि जेवताना दोन घास खाऊन ताट सारतात. शेजारच्या सुगंधाबाईंनी येऊन विचारलं की बाई, काऊन जेवत नाई, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुम्हाला दोष देत नाही. विचारलं मीच. घरात वाट पाहणारी आई असताना मला कशाला हवी होती ती चौकशी? आता भाऊ, एवढं करा. तुमची चूक झाली असं लिहा. त्या अंकानंतर आणखी एक अंक निघाला होता आणि त्यात आई भेटते, असं लिहा. तुमचा शब्द त्या मानतील. मी तुम्हाला खोटं लिहायला सांगते आहे, रागावू नका.

रागावलात तरी बहीण म्हणणं सोडू नका.

भागीरथा


नागभीड,
दि. ५ डिसेंबर १९८५

चि. सौ. भागीरथा हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हापासून ते खिशात घेऊन फिरतो आहे. तू जंगूबद्दल स्पष्ट लिहिलं होतंस, आणि मी ते वाचूनही मला फक्त आवृत्त्याच दिसल्या. तुझी वहिनी म्हणाली की म्हाताऱ्या बाईले असं कोणी सांगते का. मी म्हटलं, ते त्यांना लिहिलंच नव्हतं. म्हणालो खरा, पण माझं मलाच पटलं नाही. मला माझं ज्ञान दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. त्याची फार लाज वाटते.

सोबत वेगळा कागद आहे, तो ओसरीत वाचून दाखवायचा. तू सांगितलंस तसंच त्यात लिहिलंय. बिजलबद्दल मी आजवर कोणाशी खोटं बोललो नाही, त्यामुळे ते नीट जमलेलं नाही. त्या जेवल्या की ताबडतोब कार्ड टाक.

तुझ्या घरात मी दुःख धाडलं, तरी मला आपला मानत राहा.

श्रावण


सिरोंचा,
दि. १७ डिसेंबर १९८५

श्री. श्रावणभाऊ यांस,
सविनय जय भीम वि. वि.

पत्रं लिहिण्याचं काम एरवी भागीरथाचं. आज मी लिहितो आहे.

तुमचा वेगळा कागद ओसरीत वाचला. आईनं शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली की तुझा मेहुणा भला माणूस आहे, म्हातारीसाठी खोटं लिहितो. मग म्हणाली की पोरं उशिरा येतात, आपण तोवर टिकू असं नाही, हे तिला कळतं. त्याचं तिला काही नाही. इतके दिवस तिला निराळीच गोष्ट खात होती. बिजल दारात एकटा उभा राहिला, तेव्हा त्या घरात दुसरं कोणी होतं की नाही? त्याला कोणी आत ये म्हटलं का? ताट वाढलं का? तुम्ही ते लिहिलं नव्हतं. विचारताना ती माझ्याकडे बघत होती.

श्रावणभाऊ, जंगू गेला त्या दिवशी या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस असं म्हणणारा मी. आई तेव्हा मध्ये पडली नाही, पुढेही कधी त्यावर बोलली नाही. मी समजलो की विसरली. तुम्ही दोघं भाऊबहीण एकमेकांपाशी माफी मागत बसला आहात, पण तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते तुमच्या पत्रामुळे नाही.

मी तिला म्हणालो की ताट मी वाढीन. मराठीत म्हणालो. तिनं तेच तिच्या भाषेत म्हणायला लावलं. मग तेलुगूत म्हटलं. त्या संध्याकाळी ती भात जेवली. फार नाही, पण स्वतः मागून घेऊन जेवली.

बांबूचे ट्रक तुमच्या स्टेशनाच्या मालधक्क्याला लागतात. त्या ड्रायव्हरांत जंगूला ओळखणारा कोणीतरी निघेल. त्याच्यापर्यंत निरोप धाडा की आई वाट बघते आहे. आणि त्याला उशीर झालाच, तर दार मी उघडीन, हेही सांगा.

आजवर जावई म्हणून मान दिलात, आता भाऊ समजून एवढं काम करा.

आपला,
गुणवंत