सविताच्या कार्डावरचे तीन रकाने

३ नोव्हें., सोम.
दर्जाच्या तपासणीला पंधरा दिवस. डॉक्टर सरांनी आरोग्य केंद्राचं लग्नघर केलंय. रंग झाला, निपाणीहून कन्नड पाट्या आल्या. माझ्याकडे गरोदर बायकांची कार्डं. जोखमीच्या प्रत्येकीचा पाठपुरावा दिसला पाहिजे. सविताच्या कार्डावर तो नाही.

५ नोव्हें.
पहिलटकरीण. सातव्या महिन्यात बीपी वाढलेलं, लाल शिक्का मीच मारला. आठवड्यात ओटी भरून माहेरी गेली, पलीकडे महाराष्ट्रात. 'माहेरी गेली' लिहून कार्ड मिटलं. इथं आम्ही सगळे तसंच करतो. हद्द ओलांडली की बाई तिकडची. तिकडे तिचं नाव नोंदलेलंच नव्हतं. नवव्यात झटके आले. बाळ वाचलं, ती गेली.
फोन नंबर कार्डावरच होता. मी केला नाही.

८ नोव्हें.
सर: "सिस्टर, तीन रकाने भरून टाका. फोन केलता, गोळी चालू ठेवा म्हटलं, दवाखान्यात जा म्हटलं. सर्टिफिकेट आलं तर प्रसूतीच्या खोलीत मशिनं येतील. पुढच्या बायका वाचतील."
खोटं नाही तेही. त्याचाच जास्त राग आला.

११ नोव्हें.
लिहिलं. जुन्या तारखा घातल्या. अक्षर सुरेख आलं, मेलं.
दुपारी वजनाच्या खोलीत गेले तर सविता काट्यावर. चपला बाजूला, पदर सावरत. "सिस्टर, लई वाढलं व्हय?" डोळे मिटून उभी राहिले. भीती वाटते, आणि कुणाला सांगणार...

१४ नोव्हें.
आशाताई शांताक्काला विचारलं, तू तरी फोन केलतास?
"आईकडं गेलती की. म्हटलं, आई बघंल."
मीही तेच म्हटलं होतं.

१७ नोव्हें.
सविताची सासू बाळाला लसीला घेऊन आली. सुई मीच टोचली. रडलं, मग माझं बोट धरून ठेवलं.
"सिस्टर, एक इचारू? हितनं फोन गेलता काय? तिची आई म्हंती, कुणी काय सांगितलंच न्हाय. आमी तिच्याशी बोलणं टाकलंय. पोरीला नीट बघितली न्हाय म्हणून."
"उद्या सांगते," म्हणाले. पळच काढला.

१८ नोव्हें., जेवणाची सुट्टी
सरांनी सविताचंच कार्ड सगळ्यांत वर ठेवलेलं, नीट भरलंय म्हणून. तपासनीस बाईंनी वाचलं. "तुम्ही एवढं करूनही माहेरच्यांनी ऐकलं नाही," म्हणाल्या. मी पुढचं कार्ड त्यांच्यासमोर सरकवलं. अडीचला सविताच्या घरच्यांशी बोलायचंय त्यांना.
सासू बाहेर बाकावर आलीय. मला बघून बाजूला सरकली, बसायला जागा केली.