पाटाभोवतीची रांगोळी

गुलटेकडी, पुणे
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, सकाळ

चि. पुष्कर यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. गाळ्यावर गुळाची आवक बरी आहे. शेजारच्या तेलवाल्यांनी त्यांचा गाळा पोपटी रंगवलाय आणि तो मला रोज बघावा लागतो.

तू हे वाचशील तेव्हा माझ्याकडे जेवून घरी पोचलेला असशील. मी मात्र तू यायच्या आधीच लिहायला बसले आहे, कुकर लावून. पत्र लाडवांच्या डब्यात वरच ठेवणार आहे, पिशवीत घालून, म्हणजे तूप लागायचं नाही. तोंडाने सांगितलं असतं तर तू निम्म्यात फोन बघायला लागला असतास. स्वराली माहेरी आहे हे बघूनच आजचा रविवार धरला. तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

परवा तू फोनवर विचारलंस, "ताई, राग गेला ना?" मी म्हटलं, "रविवारी जेवायला ये." ते तू 'हो' असं समजलास. लहानपणापासून तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

तू आता क्लबाचा कमर्शियल हेड झालास, तेव्हा जुन्या गोष्टी विसरला असशील म्हणून आठवण करून देते. गुलटेकडी स्पोर्टिंग हा क्लब मार्केट यार्डातल्या आडत्यांनी आणि हमालांनी मिळून काढला. शर्टावर तागडी होती. बाबा आपल्या दोघांना सायकलवर घालून सामन्याला न्यायचे, तू पुढे दांडीवर, मी मागे कॅरिअरवर. ढोल परवडत नव्हता म्हणून बाबांनी तेलाचा रिकामा डबा वाजवायला घेतला आणि मग सगळा स्टँडच डबे घेऊन यायला लागला. बाबा गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. तुलाही विचारलं होतं. तू म्हणालास, हात काळे होतात.

आणि आपली ती रीत. खेळाडू दुसऱ्या क्लबात निघाला की माझ्याकडे त्याचं केळवण. मुलगी सासरी निघते, मुलगा क्लब बदलतो, दोघांनाही घरचं जेवून जाऊ द्यावं, असं बाबांचं म्हणणं. पाटाभोवती रांगोळी, ओवाळणं, त्याच्या आवडीचा स्वयंपाक, आहेर म्हणून शर्टपीस. आपला गोलकीपर ऐन वैऱ्यांच्या क्लबात गेला, तेव्हासुद्धा आपल्या स्टँडवरच्या विक्रमने त्याला आग्रह करकरून जिलब्या वाढल्या आणि वाढताना सांगितलं, "आमच्याविरुद्ध उभा राहिलास की तुझ्या दोन्ही पायांमधून बॉल जाऊ दे." त्यानेही खाली मान घालून खाल्ल्या. गेले ते सगळे असे गेले. वैजनाथ सोडून.

खेळाडू विकायचाच नाही, असं मी कधी म्हटलं नाही. हे तुझ्या डोक्यात नीट शिरू दे, कारण तू सगळीकडे सांगत सुटला आहेस की ताई जुन्या वळणाची आहे, तिला फुटबॉलचं अर्थकारण कळत नाही. अरे, माल विकूनच मी घर चालवते. सामना सुटला की आम्ही यार्डाच्या गेटबाहेर चहाला थांबतो, तिथे हाच वाद. ती विश्रांतवाडीची मैत्री नावाची मुलगी, आयटीतली, स्पष्ट बोलते. "काकू, सेंटिमेंटवर क्लब चालत नाही. स्पॉन्सर नसेल तर सॅलरी कोण देणार? एखादा प्लेअर चांगल्या किमतीला गेला तर त्यात वाईट काय? त्याच पैशात मुलींची टीम उभी राहील."

विक्रम बटाट्याचा व्यापारी, पण क्लबाचं नाव निघालं की पेटतो. "मग स्पॉन्सरलाच उतरव मिडफिल्डला. चांगला गुटगुटीत आहे, कुणाला हलायचा नाही."

"दादा, जोक नको. दहा वर्षांनी हा गेम मोबाइलवरच बघणार आहेत लोक. आपण तिकीटवाले कोण?"

"आपण कोण ते कळेल त्यांना," विक्रम म्हणाला. तेव्हा ते नुसतं बोलणं होतं. मला मैत्रीचं पटलं होतं, आणि मी तिला तसं सांगितलंही. तागडी काढून तुम्ही शर्टावर तो जळका पक्षी लावलात, क्लबाचं नाव डेक्कन फ्लेम्स केलंत, तरी मी तिकीट काढलं. डबा वाजवला. भाऊ आत आहे, बघेल काहीतरी, असं लोकांना सांगत राहिले.

आता भाऊबीजेचं बोलू.

वैजनाथ यवतमाळकडचा, विश्रांतवाडीत खोली घेऊन राहणारा, आईपासून लांब राहून तोंडाची चव गेलेला पोरगा. त्याची आई वेणूबाई दर दिवाळीला माझ्यासाठी तुरीची डाळ पाठवते. तो मला ताई म्हणायला लागला तेव्हापासून भाऊबीजेला दोन पाट मांडते. गेल्या भाऊबीजेलाही मांडले. तुम्ही दोघं शेजारी बसलात. मी आधी तुला ओवाळलं, मग त्याला. तू त्याच्या पानात स्वतःच्या हाताने बासुंदी वाढलीस आणि म्हणालास, "खा रे वैजू, पुढचा सीझन मोठा आहे." तो लाजून हसला.

त्या वेळी तुला माहीत होतं. सकाळीच तू ठरवून आला होतास. वैजनाथ गुवाहाटीला आणि त्याच्या बदल्यात तो रोहन, ज्याला पास देता येत नाही पण आरशासमोर नाचता येतं आणि ते लाखो लोक बघतात. तू माझ्या घरी बसून, माझ्या हातचं खाऊन, त्याच्याकडे बघून हसत होतास.

वैजनाथ इथून निघाला आणि सिग्नलला उभा असताना शेजारच्या स्कूटरवरच्या पोराने त्याला बातमी दाखवली. क्लबाच्या पेजवर व्हिडिओ, गाणं लावून, 'थँक यू वैजू'. तुझा फोन त्यानंतर. हो म्हण, नाहीतर वर्षभर बाकावर बसून राहा. सकाळचं विमान. तो उलटा फिरून माझ्या दारात आला आणि चपला न काढता उंबऱ्यापाशीच उभा राहिला. "ताई, मले तं कोणी काही सांगितलंच नाही. काहून असं केलं असन पुष्करभाऊनं? जेवताना सांगितलं असतं तं मी काही भांडलो असतो का?"

केळवण तर राहिलंच. शर्टपीसही नव्हता घरात. बाबांचा एक न शिवलेला कपाटात होता, तो दिला.

तुला फोन केला तर तू म्हणालास, "ताई, इट्स अ बिझनेस डिसिजन. पर्सनली घेऊ नकोस." पुष्कर, मी ते पर्सनलीच घेतलं. माझ्या पाटावर बसून केलंस ते. दुसरीकडे कुठे केलं असतंस तर मी नुसती रागावले असते.

गेल्या महिन्यातला सामना तुला आठवत असेलच. मुंबईची मोठी मंडळी क्लबात आणखी पैसे घालायचे की नाही ते ठरवायला आली होती. तू त्यांना दाखवायला जे बनवलं होतंस, त्यात आमचा फोटो होता म्हणे. देशातला सर्वांत दणदणीत स्टँड. तुझ्या दुकानात विकायला दुसरं होतं तरी काय! आम्ही सगळे आलो, तिकिटं काढून, आणि डबे घरी ठेवले. हे कुणी ठरवलं असं तू नंतर सगळ्यांना विचारत होतास. मी ठरवलं. एकेकाच्या गाळ्यावर जाऊन सांगितलं. मैत्री सुरुवातीला नको म्हणत होती. तिला वैजनाथ दारात कसा उभा होता ते सांगितलं, मग तिनेच तिच्या बाजूच्या दोन रांगा गप्प बसवल्या.

शेंगा सोलण्याचा आवाज येत होता. रोहनला चुकून गोल झाला तरी कुणी उठलं नाही. तू पायऱ्या उतरत धावत आलास, कपाळावर घाम, आणि दबक्या आवाजात म्हणालास, "ताई, हात जोडतो. एकदाच वाजव." मी म्हटलं, "बसलेय की तिकीट काढून. आणखी काय हवंय?" तुझा चेहरा बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग तू ते केलंस. मला वाटलं होतं तू लोकांवर ओरडशील, फार तर लाइट घालवशील. पण तू गेल्या वर्षीचा आमचा आवाज स्पीकरवर लावलास! स्टँड मुका, कुणाच्या हातात डबा नाही आणि वरून डब्यांचा दणदणाट. लावायच्या आधी एकदा ऐकून तरी बघायचं होतंस. आमच्या आवाजाचं तू एवढं कौतुक सांगायचास आणि आम्ही ओरडतो काय ते तुला ठाऊकच नव्हतं. सगळ्या मैदानावर घुमलं, "वैजू! वैजू! वैजू!"

मुंबईच्या त्या सलोनीबाईंनी तुला विचारलं, "हा वैजू कोण? कितव्या नंबरचा?" तू घसा खाकरलास. मग त्या उठून सरळ आमच्यात येऊन बसल्या, आणि त्यांना मी सांगितलं कोण ते. सगळं. भाऊबीजेसकट.

पुढचं तुला माहीत नाही.

बुधवारी त्या गाळ्यावर आल्या. गुळाच्या ढेपेवर रुमाल टाकून बसल्या, चहा घेतला आणि विचारलं, "आवाज परत येण्यासाठी आम्ही काय करायला हवं?" मी म्हटलं, तागडी शर्टावर परत लावा, आणि पुढच्या हंगामाला वैजनाथला परत यायचंय का, ते त्याला विचारा. त्याला, त्याच्या एजंटला नाही. त्या हो म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "आणि पुष्कर?"

मी म्हटलं, "तो माझा सख्खा भाऊ आहे."

त्यांना वाटलं मी रदबदली करणार. त्यांनी मान हलवली, सहानुभूतीने.

"म्हणून सांगते," मी म्हटलं, "ठेवू नका."

काल त्यांचा फोन आला. उद्या, सोमवारी, तुला ऑफिसात बोलावून सांगणार आहेत. तोवर मी बोलू नये अशी त्यांची विनंती. मी म्हटलं, काळजी करू नका, आमच्या घरात जेवताना असलं काही बोलत नाहीत.

तर आज तू येशील. पाट मांडलेला असेल. भोवती रांगोळी असेल, आणि ती बघून तू म्हणशील, "आज काय विशेष?" मी म्हणेन, "सहज." ओवाळताना तू नेहमीसारखा डोळे मिटशील. पानात बासुंदी असेल, तुझ्या आवडीची, आणि ती मी स्वतःच्या हाताने वाढेन. तुझ्याकडे बघून हसेनही. जमेल मला, तूच शिकवलंस. निघताना हातात पिशवी देईन, तिच्यात लाडू आणि शर्टपीस. विक्रमने जिलब्या पाठवल्यात, त्या मी तुझ्या हातात दिलेल्या असतील आणि तू थँक्स म्हणालेला असशील.

केळवण होतं ते, पुष्कर. तुझं.

बाबा असते तर रागावले असते, आधी तुझ्यावर आणि मग माझ्यावर. पण तुझ्यावर आधी. आणि बघ, तुला मी आख्खी रात्र देतेय. वैजनाथला सिग्नल हिरवा होईपर्यंतचाच वेळ मिळाला होता.

शर्टपीस आकाशी आहे, पाहून घेतलाय. लवकर शिवून घे, मुलाखतींना होईल.

तुला आज ओवाळून धाडणारी,
नीरजाताई

ता. क. भाऊबीजेला दोन पाट मांडणार आहे. पहिल्यावर वैजनाथ बसेल. दुसऱ्यावर बसायचं असेल तर आधी त्याला विचार.